मदत हवी आहे: ब्रेस लावलेले पिस्तूल कायद्याने पिस्तूलच की रायफल?

मुसाफिर: माझे एआर-१५ रायफलीच्या धाटणीचे पिस्तूल २०२१ साली ब्रेससकट (मागे बसवून हाताला पट्ट्याने बांधायच्या आधारासकट) घेतलेले आहे. अमेरिकेच्या २०२३ च्या नियमाने ते रायफल ठरले, नंतर तो नियमच रद्द झाला, असे ऐकतो. आज ते काय धरायचे? शनिवारच्या आत नक्की कळायला हवे.

नीलपक्षी: नळी किती इंचांची? आणि नागरिकत्व, ग्रीन कार्ड की एच-१बी? व्हिसावर असाल तर प्रश्न ब्रेसचा नसून बंदूक बाळगण्याचाच आहे.

मुसाफिर: साडेदहा इंच. अमेरिकेचा नागरिक आहे, टेक्सासमध्ये राहतो.

जुना वाटसरू: १९३४ च्या कायद्याने, खांद्याला टेकवून झाडण्यासाठी घडवलेली आणि १६ इंचांहून आखूड नळीची रायफल नोंदवावीच लागते. २०२३ मध्ये एटीएफने (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघीय खात्याने) ३१ मेपर्यंत २०० डॉलरांचा कर माफ केला, तेव्हा मी बोटांचे ठसे देऊन नोंदणी केली आणि निश्चिंत झालो. २०२६ पासून हा कर शून्यच आहे. तुम्हीही नोंदवून टाका.

कायदेकानू: मी सहमत नाही. १३ जून २०२४ रोजी टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर मी स्वतः ब्रेसचा पट्टा कोपराखाली आवळूनच एका हाताने नेम धरतो; त्याला रायफल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मात्र नियम गेला तरी मूळ कायदा कायम आहे, त्यामुळे ब्रेस काढून खांद्याला टेकवायचा खरा दस्ता लावलात तर नोंदणी आधी हवी.

सह्यकडा: भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात.

नीलपक्षी: प्रश्न अमेरिकेचा आहे. मुसाफिर, शनिवारच का?

मुसाफिर: नोकरीमुळे कॅलिफोर्नियात सॅन होजेला जात आहोत, शनिवारी सामानाचा ट्रक निघतो. त्याचा इथे संबंध असेल असे वाटले नाही.

कायदेकानू: सगळा संबंध त्याचाच आहे! सुटे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) पिस्तुलाच्या मुठीबाहेर बसत असेल, तर तेवढ्यावरून कॅलिफोर्नियात अर्धस्वयंचलित पिस्तूल ‘असॉल्ट वेपन’, म्हणजे तिथे बंदी असलेले हत्यार ठरते. ब्रेस काढूनही सुटका नाही. जुना वाटसरू यांचा सल्ला तर इथे घातक आहे, कारण आखूड नळीच्या रायफलीवर त्या राज्यात सामान्य माणसाला बंदीच आहे. ते ट्रकमध्ये ठेवू नका. टेक्सासमध्येच परवानाधारक विक्रेत्याला विका आणि उरलेल्या बंदुकांबद्दल कॅलिफोर्नियातल्या वकिलाला विचारा, कारण नव्या रहिवाशाला ६० दिवसांत माहिती कळवावी लागते.

मुसाफिर: मॅगझिन मुठीच्या पुढेच बसते. उद्या सकाळीच विक्रेत्याकडे नेतो.