स्कॅन केलेल्या निगेटिव्हमध्ये नुसतं साल आणि मराठी नावं कशी लिहायची?

नमस्कार मंडळी,

माझे वडील (नाना) भुसावळला रेल्वेत होते. त्यांनी आग्फा क्लिक थ्रीवर आणि पुढे 35 मिमी कॅमेऱ्यावर काढलेल्या निगेटिव्ह मी दिवाळीपासून स्कॅन करतोय. 64 रोल झाले, सगळ्या टिफ (दर्जा न घटवता चित्र साठवणाऱ्या) फाइली. पाकिटांवर नानांच्या अक्षरात "आखाजी, 1974, अमळनेर" एवढंच. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, ऐन उन्हाळ्यातली. तेवढं आहे हेच खूप.

स्कॅनर फाइलीत स्कॅनिंगचीच तारीख टाकतो. विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डेट टेकन' बदलायला गेलो तर पूर्ण तारीख मागतो. 1 जानेवारी 1974 टाकली आणि लगेच काढली. झाडाला झोके बांधलेत, माहेरवाशिणी गाणी म्हणतायत, आणि खाली जानेवारी! उद्या नातवंडं तेच खरं धरतील.

दुसरं, एका प्रोग्राममध्ये नावं मराठीत भरली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती प्रश्नचिन्हं. दोन रोलांचं काम गेलं. आई 81 वर्षांची आहे. दुपारी तासभर माझ्याजवळ बसते आणि लुगड्यावरून बायका ओळखते: ही चोपड्याची मावशी, ही फैजपूरची काकू. तिच्याशिवाय हे सांगणारं आता कोणी उरलं नाही, म्हणून घाई आहे.

अख्ख्या रोलला एकदम माहिती भरता येईल, मराठी टिकेल आणि फुकट मिळेल असं काय आहे? डिजिकॅम (फोटो सांभाळायचा फुकट प्रोग्राम) नावं फाइलीत लिहितं, की स्वतःच्या डेटाबेसातच ठेवतं?

प्रतिसाद 1

दादा, डिजिकॅम दोन्हीकडे लिहू शकतं. सेटिंग्जच्या मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली माहिती) विभागात कॅप्शन, टॅग आणि चेहऱ्यांची नावं फाइलीत लिहायच्या खुणा आधी तपासा. प्रश्नचिन्हांचं कारण बहुधा जुने रकाने असावेत. एक्झिफ म्हणजे फोटोच्या फाइलीत माहिती ठेवायची जुनी पद्धत, तिचा वर्णनाचा रकाना मुळात इंग्रजी अक्षरांपुरताच आखलेला आहे. एक्सएमपी ही त्यानंतरची पद्धत युनिकोडवर (सगळ्या लिप्या चालणाऱ्या अक्षरसंचावर) चालते, मराठी तिथे लिहा.

नुसत्या सालासाठी एक्झिफटूल वापरा, आज्ञा टाइप करून फाइलींतली ही माहिती बदलणारा फुकट प्रोग्राम. एक्सएमपीच्या 'डेट क्रिएटेड'मध्ये 1974 किंवा 1974-04 एवढंच चालतं. एक्सेलमध्ये फाइलींची नावं, साल, गाव, माणसं असा तक्ता करा, यूटीएफ-8 सीएसव्ही (मराठी टिकवणारी साध्या मजकुराची तक्त्याची फाइल) म्हणून सेव्ह करा. एका आज्ञेत सगळा रोल भरतो. मूळ फाइलीची प्रत ते आपोआप बाजूला ठेवतं, तरी पहिला प्रयोग पाच-सहा फाइलींवरच करा.

मोबाईलची गॅलरी मात्र सहसा पूर्ण तारखेवरच क्रम लावते. त्यासाठी जेपीईजी प्रती वेगळ्या काढा आणि अंदाजाची तारीख त्यांच्यातच घाला, टिफमध्ये नको.

आणि आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. 1974 चं पंचांग मिळालं तर तारीख निघेल की!

मूळ लेखक

मनापासून आभार. सहा फाइलींवर करून पाहिलं, दोन्ही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसतंय. पंचांगाचं आईला सांगितलं. ती म्हणाली, झोके आदल्याच दिवशी बांधले होते आणि नाना दोन्ही दिवस फोटो काढत होते. त्यामुळे सालच ठेवतोय, आणि तिचं हे वाक्य कॅप्शनमध्ये तसंच लिहितोय.

आता एकच अडलंय: एका फोटोत अकरा बायका आहेत. चेहऱ्यांच्या चौकटींत भरलेली नावं डिजिकॅमबाहेर, दुसऱ्या प्रोग्राममध्येही दिसतील का?