सेल्फ बदलायच्या आधी हे बघा

दादा, पावसाळी मासेमारीची बंदी उठल्यावर होडी पाण्यात टाकली, सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पकडत नाही आणि मेकॅनिक सेल्फ बदला म्हणतोय, असं लिहिलंत. नका बदलू. इंजिन जोरात फिरतंय ना, मग बॅटरी नि सेल्फ दोन्ही बरे आहेत, भानगड प्लगच्या ठिणगीची नाहीतर पेट्रोलची.

पहिलं म्हणजे किल स्विचची, म्हणजे इंजिन झटकन बंद करायच्या बटणाची, लाल क्लिप नीट बसलीय का बघा, बऱ्याच आउटबोर्डला (होडीच्या मागे बाहेर लावायच्या इंजिनाला) ती निघालेली असली तरी इंजिन फिरतं पण ठिणगी पडत नाही. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आणि पेट्रोलच्या पाइपातला रबरी बल्ब कडक होईपर्यंत दाबा, कडक होतच नसेल तर बहुतेक पाइप कुठेतरी हवा खेचतोय. त्यानंतर सेल्फ मारून स्पार्क प्लग काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाहीये, ओला निघाला तर ठिणगी तपासा, पण पेट्रोलच्या वाफेपासून लांब हां, जीवाशी खेळ नको.

आमचं नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेटीवर असंच झालं होतं, सगळं तपासून दमलो, शेवटी फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं तर तळाला बोटभर पाणी वेगळं दिसलं! हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं, त्यात जून-जुलै टाकी अर्धी भरून पडलेली. टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटर साफ केला, नवीन पेट्रोल टाकलं, तिसऱ्या सेल्फला चालू. तुमचा प्लग कसा निघतो ते सांगा, मग पुढचं बघू.