पावसाळ्यात ऑफिसला काय शिवून घेऊ? (खांदे अरुंद, सीट मोठी, उंची ५ फूट १)

डोंबिवली_फास्ट

नमस्कार मैत्रिणींनो. जून तोंडावर आलाय आणि ऑफिसला घालण्यासारखे धड कपडे नाहीत. राहते डोंबिवलीत, ऑफिस फोर्टात. सीएसएमटीला उतरून पुढे चालत जाते.

उंची ५ फूट १ इंच. छाती ३४, कंबर ३०, सीट ४१, शोल्डर साडेतेरा. नेटवरच्या तक्त्यांप्रमाणे मी ‘पेअर शेप’ (वर अरुंद, खाली रुंद बांधा). तिथे सगळीकडे एकच लिहिलेलं असतं, ए-लाइन (खाली रुंद होत जाणारे कुर्ते) घाला आणि खाली गडद रंग ठेवा. त्याप्रमाणे एल साइजचे ए-लाइन कुर्ते घेतले. ते खांद्यावरून उतरतात आणि खाली अंगापासून सुटून उभे राहतात. मी आहे त्यापेक्षा जाड दिसते.

सध्या दुकानांत को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचे टॉप-पँट), आखूड कुर्ती आणि खाली रुंद पायांची पँट असं खूप दिसतंय. मला ते मनापासून आवडतं. पण माझ्या बांध्याला जाईल का, आणि पावसात निभेल का? शिवून घ्यायची तयारी आहे. निदान गणपतीपर्यंत भागेल असं सुचवा. कापड कुठलं घेऊ तेही सांगा.

सावनी_ठाणे

मी पावसाळाभर क्रेपचे कुर्ते आणि काळ्या लेगिंग्ज घालते, पटकन वाळतात. रुंद पँटच्या नादी लागू नकोस, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखतात.

परळची_शिवणवाली

मी परळला राहते आणि बायकांचे कपडे शिवते. वयाने मोठी असेन, म्हणून अगं-तुगं करते. मापं लिहून विचारलंस ते फार बरं केलंस.

आधी ते ‘पेअर’ वगैरे बाजूला ठेव. माझ्याकडे ४१ सीटच्या दोन बायका आल्या तरी दोघींचा कुर्ता मी एकसारखा कापत नाही. एकीची रुंदी कंबरेखाली चार इंचांवर, हाडाजवळ असते. दुसरीची आठ-नऊ इंचांवर, मांड्यांच्या सुरुवातीला. तक्ता दोघींना एकच नाव देतो, पण कुर्त्याचा बाजूचा कट (चीर) कुठे उघडायचा ते दोघींचं वेगळं. म्हणून आरशासमोर उभी राहा, कंबरेला नाडी बांध आणि सगळ्यात रुंद जागा नाडीपासून किती इंच खाली आहे ते मोज. मग खुर्चीवर बसून सीट पुन्हा मोज. बसल्यावर माप वाढतं आणि ऑफिसात आपण दिवसभर बसूनच असतो. टेलरला हे दोन्ही आकडे दे. बहुतेक जण उभ्याचं माप घेतात आणि कट सगळ्यांना एकाच उंचीवर ठेवतात. कट रुंद भागाच्या खाली उघडला की कुर्ता सीटवर अडकतो, वर चढतो आणि पोटावर आडव्या घड्या पडतात. बाईला वाटतं पोट सुटलंय. पोट कुठे सुटलेलं असतं, कट खाली गेलेला असतो. रुंद भागाच्या दीड-दोन इंच वर कट उघडायला सांग आणि सीटला तीन-चार इंच लूज ठेवायला सांग.

आता खांदे. सीट ४१ म्हणून तू एल घेतेस. एलचं शोल्डर साधारण साडेचौदा-पंधरा असतं, तुझं साडेतेरा. बाहीची शिवण हाडावर बसण्याऐवजी दंडावर उतरते, छातीवर कापड लोंबतं आणि तिथून खाली सगळंच ढगळ होतं. तुझ्या ए-लाइनचं दुखणं हे आहे, घेराचा त्यात फारसा दोष नाही. यापुढे तयार कुर्ता घेशील तेव्हा खांदा आणि मुंढा (बाही जोडतात तो काखेतला घेर) बघून एस किंवा एम घे. सीटला तंग झाला तर बाजूचा कट वर उसवून घेता येतो, ते अर्ध्या तासाचं काम. खांदा कमी करायचा तर बाही काढून मुंढा नव्याने कापावा लागतो. कुठलाही टेलर त्याला का कू करणार.

ए-लाइन तुला शोभेल, पण घेर कुठून सुटतो ते बघ. छातीपासून सुटला तर जाडी दिसते. तुझी कंबर ३० आहे, सीटपेक्षा अकरा इंच कमी, ती दिसू दे. पुढे-मागे उभे टक्स (कापड दुमडून घातलेल्या शिवणी) घाल किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून कंबरेकडे जाणाऱ्या उभ्या शिवणी) घे, कंबरेपर्यंत अंगाबरोबर आणि तिथून पुढे घेर. कापड मऊ, खाली पडणारं हवं. खळ घातलेल्या कडक कॉटनचा घेर उभाच राहतो, तेच मऊ मलमलचा खाली पडतो.

गळ्याला बोट नेक (खांद्यांपर्यंत रुंद, उथळ गळा) कर, अरुंद खांदे त्याने भरलेले दिसतात. पट्टे दिसतात म्हणून बायका बोट नेक टाळतात. खांद्याच्या शिवणीला आतून टिचबटणाची छोटी पट्टी लावून घे, अंतर्वस्त्राचा पट्टा तिथे अडकवला की हलत नाही. गाडीत वरची कडी धरून उभं राहायचं असतं, त्यामुळे मुंढा फार खोल नको. खोल मुंढ्याचा कुर्ता हात वर केला की सगळाच्या सगळा वर जातो.

आखूड कुर्ती तुला छान दिसेल, फक्त उंची नीट ठरव. कपडा जिथे संपतो तिथे नजर जाते, म्हणून सगळ्यात रुंद जागेवर तो संपू नये. को-ऑर्ड सेटमधले २४-२५ इंचांचे टॉप तुझ्या उंचीला बरोबर सीटवर येऊन थांबतात, ते सोड. ३० ते ३२ इंच घे, म्हणजे मांडीच्या मध्यावर येईल. लांब हवा असेल तर गुडघ्याच्या थोडा खाली, पोटरीच्या फुगवट्याच्या वर संपव. उंची कापण्याआधी एक जुना लांब कुर्ता घाल, खालून दुमडून टाचण्या लाव आणि अंगठ्याएवढा वर-खाली करून बघ. इंचभराने किती फरक पडतो ते तुझं तुलाच दिसेल.

पँटबाबत सावनीचं बरोबर आहे, पण अर्धंच. जून ते सप्टेंबर घोट्याच्या वर संपणारी सरळ पँट शिव, मोहरी (पायाचा खालचा घेर) तेरा-चौदा इंच. पुढे सपाट पट्टी आणि इलॅस्टिक फक्त मागे. कंबर-सीटमधल्या फरकामुळे तयार पँट तुला मागे कंबरेत उघडी राहत असेल, मागच्या इलॅस्टिकने ते मिटतं. रुंद पायांची पँट ऑक्टोबरसाठी ठेव. तेव्हा पारा ३३-३४ ला जातो, हवा कोंदट असते, सैल पायांचा खरा उपयोग तेव्हाच. मासिकांत तेव्हा जॅकेट आणि लेअरिंग चालू असतं. तो थंड देशांचा ऋतू आहे, त्यामागे धावून आपण घामाने भिजायचं कशाला? मॉलमध्ये कॉफीसारखा तपकिरी रंग दिसत असेल. पँटोन या रंगांच्या कंपनीने २०२५ चा रंग म्हणून ‘मोका मूस’ जाहीर केला, त्यानंतर तो जास्तच फिरला. घ्यायला हरकत नाही, रस्त्याच्या पाण्याचे शिंतोडे त्यावर लपतात.

कापड. हे नीट वाच.

को-ऑर्ड सेट बहुतेक रेयॉनचे असतात. रेयॉन ओलं झालं की जड होतं आणि त्याची ताकद कमी होते. भिजलेली पँट खाली ओढली जाते, शिवणीत फाटते, आणि वाळल्यावर आखडते ते वेगळंच. उन्हाळ्यात रेयॉनसारखं सुख नाही, पण जुलैत मुंबईत, सांताक्रूझच्या वेधशाळेत, सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे ते नकोच. जाड कॉटन, खादी, डेनिमही नको, संध्याकाळपर्यंत ओलं राहतं आणि वर ऑफिसातला एसी. पॉलिएस्टरचा क्रेप किंवा जॉर्जेट पटकन वाळतो, मात्र अंगाला चिकटतो आणि घाम शोषत नाही. मी पावसाळ्यात कुर्त्याला पातळ केंब्रिक (बारीक विणीचं कॉटन) किंवा मलमल देते आणि पँटला कॉटन-पॉलिएस्टर मिश्रण. पातळ कॉटन पंख्याखाली सुकतं, पँटचं मिश्रण चुरगळत नाही. गडद जमीन, त्यावर बारीक छपाई. पांढरा, लिंबू, फिका गुलाबी भिजला की आरपार दिसतो.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी कडेचा एक धागा मागून घे आणि बाहेर येऊन जाळून बघ. कॉटनला जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव. न भिजवता शिवलेला चाळीस इंचांचा कॉटनचा कुर्ता पहिल्या धुण्यात इंचभर आखडू शकतो आणि तुझी ठरवलेली उंची बिघडते.

वजनदार

शिवणवाली ताई, कटचं वाचून आत्ता कपाट उघडून बघितलं. माझ्या सगळ्या कुर्त्यांना पोटावर घड्या पडतात, कट खरंच खाली आहेत. धन्यवाद.

पण एक विचारते. मोठी सीट, मोठी छाती झाकायचीच असं आपण का धरून चालतो? माझी छाती ४४ आहे. जिथे तिथे मला गडद रंग, उभे पट्टे आणि व्ही गळा सांगतात. मला पिवळा आवडतो.

परळची_शिवणवाली

मग पिवळा घाल. मी वर झाकायला काहीच सांगितलं नाही. कपडा अंगावर नीट बसला पाहिजे एवढंच माझं म्हणणं. गर्दीत चढताना, टेबलाशी वाकताना पुन्हा पुन्हा ओढून सारखा करावा लागला की त्या बाईचा सगळा दिवस कपड्यात जातो, हे मला सहन होत नाही. ४४ छातीला साध्या एका टक्सने काम होत नाही, बाजूचा आणि खालचा असे दोन टक्स घ्यायला सांग. नाहीतर पुढचा भाग वर उचलला जातो आणि कुर्ता पुढे आखूड, मागे लांब दिसतो. बटणांची पट्टी असेल तर छातीच्या सगळ्यात उंच जागी एक बटण आलंच पाहिजे, मग दोन बटणांमध्ये फट पडत नाही. रंग तुझ्या मनाचा. फक्त पावसात पिवळ्याला अस्तर लाव, तेही पातळ.

विरार_लेडीज

क्रेपची बाजू मी घेणार. विरारहून चर्चगेटपर्यंत ओल्या छत्र्या आणि ओल्या पिशव्यांमध्ये उभं राहायचं तर मलमल चुरगळून जातं. मीटिंगला काय घालणार?

परळची_शिवणवाली

मीटिंगचा दिवस असेल तर क्रेपच घाल, तुझं बरोबर आहे. पॉलिएस्टरचं अस्तर लावू नकोस, आत सैल कॉटनची स्लिप घाल, ती घाम घेते आणि कुर्ता अंगाला चिकटत नाही. स्लिप कटच्या वर संपायला हवी.

डोंबिवली_फास्ट

ताई, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. नाडी बांधून मोजलं, रुंद जागा कंबरेखाली आठ इंचांवर आहे. बसून सीट ४३ भरली! कापड शनिवारी मंगलदास मार्केटला जाऊन घेईन, ऑफिसपासून जवळ आहे. किती मीटर घेऊ? मागे टेलरने दोनदा कापड कमी पडलं म्हणून सांगितलं.

परळची_शिवणवाली

४३ धरूनच शिव.

मीटर सांगण्याआधी पन्हा (कापडाची रुंदी, इंचांत) विचार, कापड कमी पडतं ते तिथे. लांब कुर्त्याला, बाही पाऊण धरून, ४४ पन्हा असेल तर अडीच मीटर. तुझा पुढचा-मागचा भाग लूज आणि शिलाईसकट पंचवीस इंचांच्या आसपास जातो, ४४ मध्ये दोन्ही शेजारी शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक कापावे लागतात. बाह्या उरलेल्या कडेतून निघतात. ५८ पन्हा मिळाला तर दोन्ही भाग शेजारी बसतात, पावणेदोन मीटर पुरे. पँटला ५८ पन्ह्याचं दीड मीटर. मोठ्या डिझाइनची किंवा एका दिशेची छपाई असेल तर पाव मीटर जास्त घे, जुळवताना वाया जातं. टेलरला बाजूच्या शिलाईत इंचभर माया ठेवायला सांग, पुढे अंग भरलं तर उसवता येईल.

तीन कुर्ते आणि दोन पँट आत्ता कर. पँट एक काळी, एक गडद निळी, तिन्ही कुर्त्यांवर चालतील. बाकी पैसे राखून ठेव. नवरात्रात गाडीतल्या सगळ्या जणी त्या दिवसाच्या रंगात असतात, तेव्हा काही तरी नवं लागेलच. अजरखसारखी रंगीत छपाई घेतलीस तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी काढ, रंग सुटतो.

आणि सगळं कापड एकदम टाकू नकोस. आधी एक कुर्ता शिवून आण, तो घालून एक दिवस गाडीने जा-ये कर, मग बाकीचे दे. गणपतीचे कपडे जुलैतच टाक, त्यानंतर आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, घाईत मुंढा बिघडतो.