जास्त मते मिळूनही अमेरिकेत उमेदवार हरतो कसा?

प्रश्न (देवगड): काल भाऊबीजेला घरी जमलेल्या मंडळींत आंब्याच्या मोहोरापेक्षा ट्रम्प आणि हॅरिस यांचीच चर्चा अधिक झाली. उद्या, 5 नोव्हेंबर 2024 रोजी, तिकडे राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान आहे; परंतु 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात 28 लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही त्या पराभूत कशा झाल्या, हे मला वडिलांना समजावता आले नाही. कोणी सांगेल का?

उत्तर (रत्नागिरी): तेथे प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक (म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) असतात, ते एकूण 538 असून जिंकण्यासाठी 270 लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता, राज्यात ज्याची सरशी होते त्याच्याच पारड्यात तेथील सर्व निर्वाचक पडतात, त्यामुळे कॅलिफोर्नियातील लाखोंच्या आघाडीपेक्षा पेनसिल्व्हेनियातील निसटता विजय मोलाचा ठरतो. 2000 सालच्या अशाच निवडणुकीत फ्लोरिडा राज्य जॉर्ज बुश यांनी अवघ्या 537 मतांनी जिंकले. एवढा फरक आमच्या ग्रामपंचायतीतही पडतो!

उत्तर (मालवण): भाऊ, आपलाही राष्ट्रपती थेट निवडला जात नाही, हे वडिलांना सांगा; आपल्याकडे मात्र आमदार-खासदारांच्या मतांना मूल्य असते, 'सगळे एकालाच' असा हिशेब नसतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वडील ऐकून म्हणाले, "कोणीही येवो, हापूसवर विकिरण (कीड रोखायला किरणांचा मारा) करूनच पेटी तिकडे जाणार ना?" 2007 पासून तोच नियम आहे, असे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते फवारणीचा पंप धुवायला निघून गेले.