मदत हवी आहे: पुढच्या चाकाचं हब झिजलंय, नवीन मिळत नाही

खाजनवाला (पेडणे):
मिरग लागून चार दिवस झाले आणि आमचा ट्रॅक्टर दगडावर चढवलेला आहे. पुढच्या चाकाच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) बेअरिंगची वाटी, म्हणजे बाहेरची कडी, बसतच नाही. हाताने दाबली की आत, हब पालथं केलं की खाली पडते. म्हापशात तीन दुकानं फिरलो. एकाने नवीन हब दाखवलं, ते बसलं नाही. जुनंच दुरुस्त करून कोणी वापरलंय का? गोव्यात कुठे करतात? किती दिवस लागतात? लवकर सांगा. आणि कृपा करून "नवीन ट्रॅक्टर घ्या" सांगू नका.

जुनंइंजिन:
ट्रॅक्टर कुठला? साल? कुठलं चाक? आतली वाटी की बाहेरची? "हब झिजलंय" म्हणजे डॉक्टरला फोन करून "दुखतंय" म्हणण्यासारखं झालं.

खाजनवाला:
बी-275. साल माहीत नाही, आजोबांनी जुना घेतलेला. उजवं चाक. टोपीकडची वाटी, म्हणजे बाहेरची. आतली घट्ट आहे.

जुनंइंजिन:
वा! बी-275 म्हणजे मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. इंग्लंडात 1958 पासून बनत होता, मग 1963 मध्ये महिंद्राची त्यांच्याशी भागीदारी झाली आणि तो इकडे आला. फोटो टाका ना. मूळ लाल रंग आहे की कोणी निळा फासलाय?

खाजनवाला:
रंगाचं नंतर बघू हो.

फोंड्याचा_बाबू:
एवढं काय त्यात? वेल्डिंगने आत भर घाला, लेथवर बोअर करून घ्या. माझ्या टिपरचं असंच केलं होतं, पाच वर्षं चाललं. तुमचं एका दिवसाचं काम आहे.

उद्यमबाग_टर्नर (बेळगाव):
बाबूशेठ, टिपरचं हब कशाचं होतं ते बघितलं होतं का? जुन्या ट्रॅक्टरची पुढची हबं बहुतेक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बिडात साधा रॉड मारला की कडेने तडा जातो, आणि जिथे जात नाही तिथे भर इतकी कडक होते की टूलच जळतं. निकेलचा रॉड, आधी तापवणं, मग राखेत हळूहळू थंड करणं, हे सगळं सांभाळणारा वेल्डर असेल तर गोष्ट वेगळी. खाजनवाले, हबवर कोपऱ्यात कानस घासून बघा. काळा भुगा पडला तर बीड. चकचकीत कातरण निघाली तर पोलाद.

फोंड्याचा_बाबू:
मी सांगितलं ते करून झालेलं सांगितलं. पुस्तकातलं नाही.

उद्यमबाग_टर्नर:
मीही पुस्तकातलं सांगत नाही. तडे गेलेली हबं माझ्याकडेच येतात.

सत्तरीचा_भाऊ:
तुम्ही दोघे भांडा, तोपर्यंत त्याची पेरणी जाईल. सोपा उपाय सांगतो. बिअरच्या डब्याची पट्टी कापायची, वाटीभोवती गुंडाळायची, लाकडी ठोकळा ठेवून ठोकायची. घट्ट बसते. आमच्याकडे दोन पावसाळे काढले असेच. नाहीतर आतून पंचाने टिकले मारा, तेही चालतं.

उद्यमबाग_टर्नर:
दोन पावसाळे काढले की दोन महिने? टिकल्यांची टोकं वजन आलं की चपटी होतात आणि वाटी परत फिरायला लागते. अॅल्युमिनियमचा पत्रा तर पिठासारखा निघतो. वर वाटी तिरकी बसली की रोलर एका कडेवर चालतात आणि नवीन बेअरिंगही खातात.

टिलरच_बरा:
बी-275 च्या मागे पैसे घालण्यापेक्षा पॉवर टिलर घ्या. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, ट्रॅक्टर घालायचाच कशाला? रुततो. कृषी कार्यालयात सबसिडीचं विचारा. कागद: फॉर्म एक-चौदा (जमिनीचा उतारा), आधार, बँक पासबुक...

खाजनवाला:
पहिल्या पोस्टची शेवटची ओळ वाचा, भाऊ.

टिलरच_बरा:
टिलर म्हणजे ट्रॅक्टर नव्हे.

अण्णा_सोलापूर:
आमच्याकडे अशी हबं कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत ओतून घेतात. नमुना द्या, लाकडी पॅटर्न बनवतील. मात्र एकासाठी कोणी हात लावणार नाही, दहा तरी घ्यावी लागतील. बाकी गोव्यात शेती करता हे ऐकून बरं वाटलं. आम्हाला वाटायचं, तिथे फक्त समुद्र.

मोप_शेजारी:
पेडण्यात कुठे आहे जमीन? विमानतळाच्या बाजूला असेल तर ट्रॅक्टर कसला चालवताय राव.

खाजनवाला:
हबचं कोणी बोलेल का?
कानस घासली. काळा भुगा. म्हणजे बीड. टर्नरदादा, पुढे काय?

उद्यमबाग_टर्नर:
स्लीव्ह. म्हणजे झिजलेलं भोक मोठं करून आत नवीन नळी बसवायची. पण आधी मला तीन गोष्टी सांगा. वाटीच्या तोंडावर कोरलेला नंबर. तोच कोनचा, म्हणजे रोलर असलेल्या भागाचा. आणि स्टब अॅक्सलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, कोन बसतो तिथली जाडी, व्हर्नियरने. पट्टीने नको.

जुनंइंजिन:
आणि हब काढण्याआधी चाक वर-खाली हलवून बघितलं होतं का? घड्याळात 12 आणि 6 वाजतात तिथे धरून? तसं हललं तर बेअरिंग किंवा किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं तो खिळा). स्टब अॅक्सलच्या मुळाशी हात ठेवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगायचं. मुळाशीच खेळ जाणवला तर दोष किंगपिनच्या बुशात आहे. 3 आणि 9 ला हललं तर टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा). लोक सरसकट हबला शिव्या घालतात.

खाजनवाला:
हललं होतं की. पण मुळाशी नाही, चाकातच. व्हर्नियर शेजाऱ्याच्या मुलाकडून आणला, आयटीआयला आहे तो. वाटी L44610, कोन L44649. हबचं भोक सगळीकडे सारखं नाही, जास्तीत जास्त 50.9 मिलिमीटर. स्टब अॅक्सल 25.4, थोडं घासलेलं.

उद्यमबाग_टर्नर:
थांबा. कोन परत वाचा. 44649 की 44643?

खाजनवाला:
49. मुलाने फोटो काढून मोठा करून बघितला. का?

उद्यमबाग_टर्नर:
मग हब झिजलं हा परिणाम आहे, कारण नव्हे. 44610 या वाटीत दोन्ही कोन बसतात, बाहेरून जुळे भाऊ. पण 44643 चं भोक 25.4, म्हणजे बरोबर एक इंच. 44649 चं 26.99. तुमच्या एक इंचाच्या अॅक्सलवर दीड मिलिमीटरहून जास्त ढिला कोन चाललाय. चाक वाकडं धावलं, ऑइल सीलचा ओठ एका बाजूने गेला, खाजनातलं खारं पाणी आत, ग्रीसचं ताक, बेअरिंग अडकलं, आणि अडकलेल्या बेअरिंगने वाटीलाच हबमध्ये फिरवलं. वाटी फिरली की बीड खातेच. शेवटचं बेअरिंग कोणी बदललं?

खाजनवाला:
गेल्या वर्षी गावच्या मिस्त्रीने. दुकानदाराने "हेच बसतं" म्हणून दिलं.
पण म्हापशाचं नवीन हब का बसलं नाही मग? ते तर बी-275 चंच होतं.

जुनंइंजिन:
त्याने बेअरिंगचा नंबर विचारला होता का?

खाजनवाला:
नाही. अरे हो, एक सांगायचं राहिलं. पुढचा अॅक्सल मूळचा नाही. आजोबांच्या वेळी झाडावर आदळला होता, तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी ट्रॅक्टरचा बसवला. कुठल्या ते आता कोणालाच माहीत नाही.

जुनंइंजिन:
🙏

फोंड्याचा_बाबू:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

खाजनवाला:
आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे म्हणून लिहिलं नाही.

उद्यमबाग_टर्नर:
असो. 0.6 ची ढील आहे, चिकटवायच्या मालाने भागणार नाही. कामाचा क्रम असा सांगा लेथवाल्याला. हब चार जबड्यांच्या चकात धरायचं आणि डायल गेज लावून आतल्या घट्ट सीटशी (वाटी बसते त्या जागेशी) जुळवायचं. आतली सीट खरी आहे, बाहेरचं तोंड नव्हे. मग बाहेरची सीट 60 पर्यंत बोअर, पण त्याआधी हबची भिंत किती जाड आहे ते बघा, बोअर केल्यावर पातळ पापुद्रा उरत असेल तर 57-58 वरच थांबायचं. वाटी टेकते ती पायरी ठेवायची. बिडाची नाहीतर पोलादाची स्लीव्ह, आतून एक मिलिमीटर कमी ठेवून. हब शंभरेक अंश तापवलं की 60 चं भोक साधारण 0.06 उघडतं, स्लीव्ह फ्रीजरमध्ये ठेवलेली असली की हाताने सरकते. थंड झाल्यावर त्याच सेटिंगमध्ये आतून शेवटचा कट. वाटी 50.29 आहे, भोक 50.25 ला सोडा. आधीच फायनल करून दाबली तर स्लीव्ह आवळते आणि माप जातं, हे दहापैकी नऊ जण विसरतात. कोन 44643 च घ्या. तो अॅक्सलवर हाताने सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

सत्तरीचा_भाऊ:
गोव्यात करायचं तर साखळी-डिचोलीकडे विचारा. खाणी चालू होत्या तेव्हा टिपरची हबं तिथे रोज यायची. 2012 ला खाणी थांबल्या आणि कित्येकांनी लेथ विकले, पण जुने हात अजून आहेत.

टिलरच_बरा:
त्याच खाणींची माती शेतात आली, ते नाही सांगत कोणी.

सत्तरीचा_भाऊ:
मग आमच्या पोटाचं काय? 2018 ला कोर्टाने 88 लीझ रद्द केली तेव्हा...

जुनंइंजिन:
धागा हबचा आहे, मंडळी.

खाजनवाला:
झालं. डिचोलीच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री भेटले. टर्नरदादांनी लिहिलेलं वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे मला शिकवायला बेळगावहून कशाला सांगायला पाहिजे?" पण केलं तसंच. भिंत पातळ होती म्हणून 58 वर थांबले. सकाळी दिलं, दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. बसवताना नट किती आवळायचा?

उद्यमबाग_टर्नर:
चाक हाताने फिरवत फिरवत आवळा, जड लागेपर्यंत. रोलर जागेवर बसतात. मग नट एक खाच मागे घ्या, भोक जुळलं की नवीन स्प्लिट पिन. चाक मोकळं फिरलं पाहिजे, किंचित खेळ चालेल. हबची पोकळी ग्रीसने ठासून भरू नका, रोलरमध्ये नीट दाबून भरा आणि पोकळी अर्ध्याच्या आत. सील नवीन. टोपीवर चेप असेल तर तीही बदला. खाजनातून आल्यावर रोज नाही तरी आठवड्याला चाक उचलून बघा.
आणि डावं चाक? त्याच मिस्त्रीने तेही केलं होतं ना?

खाजनवाला:
डावं हलत नाही, म्हणून उघडलं नव्हतं.

उद्यमबाग_टर्नर:
उघडा.

खाजनवाला:
उघडलं. 44649. कोन आणि अॅक्सलच्या मधे पत्र्याची पट्टी, सात-आठ वेढे. बिअरच्या डब्याची आहे, अक्षरं अजून वाचता येतात. हब मात्र शाबूत आहे. उद्या म्हापशाहून 44643 आणतो. देव बरें करूं, टर्नरदादा.

सत्तरीचा_भाऊ:
पण चाललं ना एक वर्ष?