वाचताना अडखळणाऱ्या बापाने मुलीला गोष्टी वाचून दाखवाव्यात का?

अंबड_शिफ्टवाला (सिडको)

नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. मुलगी सव्वापाच वर्षांची, इंग्रजी माध्यमात सीनियर केजीला. दिवाळीत मेहुण्याने तिला चार मराठी चित्रपुस्तकं दिली. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात रात्री जेवणं झाली की मी तिला त्यातलं एक वाचून दाखवतो. निदान प्रयत्न करतो.

अडचण अशी की मोठ्याने वाचायला लागलो की मी अडखळतो. जोडाक्षर आलं की गाडी गतिरोधकावर. शाळेत उभं करून वाचायला लावलं की घाम फुटायचा, तो अजून गेलेला नाही. त्यात हिला चारातलं एकच हवं, बाजाराला निघालेल्या बकरीचं. वीस वेळा तरी झालं असेल. पान उलटायच्या आत पुढचं वाक्य म्हणते. वाचत नाही, पाठ झालंय तिला. आणि वाचूही देत नाही धड. ‘बकरीला घंटा कोणी बांधली?’ ‘रात्री झोपताना काढतात का?’ बारा पानांना पाऊण तास.

बायको म्हणते, यूट्यूबवर छान आवाजात गोष्टी आहेत, लावून दे आणि झोप, पहाटे उठायचंय. शाळेतल्या मॅडम म्हणतात, घरी इंग्रजी वाचा. मग मी हे करतोय त्याचा खरंच काही उपयोग आहे, की माझीच हौस?

पंचवटीची काकू

अरे बाळा, सव्वीस वर्षं बालवाडी चालवली मी. तू ज्याला अडचण म्हणतोस ना, आम्ही बायका त्याचीच वाट बघत बसायचो. पोर मधे बोललं की समजायचं, गोष्ट आत उतरली. घंटेचं विचारलं की पुस्तक मांडीवर उपडं ठेव आणि घंटेवरच बोल. बकरी हरवली तर कशी सापडेल, तूच सांग म्हणावं. पुस्तक कुठे पळून जात नाही.

तेच ते पुस्तक मागतात त्याला वैतागू नकोस. पहिल्यांदा फक्त बकरी दिसते. पाचव्या खेपेला मागचा चहावाला दिसतो. दहाव्या खेपेला ‘हा रागावलाय का?’ असं विचारतात. माझ्याकडे एका मुलाने एकच पुस्तक अख्खं वर्ष चालवलं, शेवटी त्याचे पुठ्ठे मी दोऱ्याने शिवले.

आणि तुझ्या वाचण्याला हसणारं त्या खोलीत कोण आहे?

कॉलेजरोडवाली

काकूंशी सहमत. थोडी माहिती जोडते, कारण मीही यूट्यूब लावून मोकळी होणाऱ्यांतलीच होते.

व्हाइटहर्स्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८८ साली दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना एवढंच शिकवलं होतं: सरळ वाचत सुटू नका, प्रश्न विचारा, मूल जे म्हणेल ते थोडं वाढवून परत सांगा. बाकीचे पालकही वाचत होतेच, पण नेहमीसारखे. महिन्याभरात पहिली मुलं बोलण्यात बरीच पुढे गेली होती. दादा, तुमची मुलगी ही पद्धत तुम्हाला फुकटात शिकवतेय.

दुसरं म्हणजे शब्द. ओहायो स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये हिशेब मांडला की रोज एक चित्रपुस्तक ऐकलं तर वर्षाला साधारण ७८ हजार शब्द कानावर पडतात. हिशेब इंग्रजी पुस्तकांचा आहे, पण मुद्दा आपल्यालाही लागू. घरात आपण काय बोलतो? जेव, दात घास, चप्पल कुठे टाकलीस. ‘दावं’, ‘पाणवठा’ हे शब्द सिडकोच्या फ्लॅटमध्ये येणार कुठून?

यूट्यूब वाईट नाही, पण ते थांबत नाही. घंटेचं उत्तर देत नाही. इंग्रजीची काळजी करू नका. गोष्ट समजून घ्यायची, पुढे काय होईल याचा अंदाज बांधायची सवय एका भाषेत लागली की दुसरीतही कामाला येते. मॅडमचं ऐकायचं असेल तर शनिवार-रविवारी एक इंग्रजी वाचा, भांडण नको.

पुस्तकं विकत घेत बसू नका. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथलं सभासदत्व घ्या. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ते तुमच्या मुलीला अजून जड जातील, पण दोनेक वर्षांनी कामाला येतील.

सातपूर_सेकंड

सगळं पटलं. पण सेकंड शिफ्टवाल्याने काय करायचं? मी घरी येतो तेव्हा रात्रीचे साडेबारा झालेले असतात.

पंचवटीची काकू

रात्रीच वाचायचं असं कुठल्या पोथीत लिहिलंय? सकाळी डबा भरेपर्यंत दोन पानं होतात. नाहीतर फोनवर तुझ्या आवाजात गोष्ट भरून ठेव, आई पानं उलटेल. पण सुट्टीच्या दिवशी मात्र मांडीवर.

अंबड_शिफ्टवाला (सिडको)

काकू, ताई, आभार. काल तुमचं ऐकून पहिल्यांदाच घाई न करता बसलो. ‘व्यापाऱ्याच्या’ या शब्दावर नेहमीप्रमाणे अडकलो. तिने माझं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं आणि म्हणाली, ‘पप्पा, व्या-पा-ऱ्या-च्या. हळू म्हण.’ पाठ आहे म्हणून म्हणाली की वाचून, कळायला मार्ग नाही. बोट मात्र बरोबर जागी होतं.

घंटेचा विषय अजून सुटलेला नाही. सकाळी तेच पुस्तक घेऊन ती आईसमोर बसली आणि आईलाच प्रश्न. पोळ्या टाकता टाकता बायको म्हणाली, ‘पप्पांना विचार, ते संध्याकाळी येतील.’ शनिवारी सुट्टी आहे, वाचनालयात जाऊन येतो. बकरीचं आणखी एखादं मिळतंय का बघतो.