रि: रि: शनिवार – शॅम्पेन उतू जातंय, साखर कधी घालायची?

प्रेषक: कार्यकारिणी (खानपान)
शॅम्पेन कॉकटेलचे साठ ग्लास आहेत. साखरेचा क्यूब टाकला की फेस थेट टेबलावर. क्यूब शेवटी टाकू का? आजच सांगा, खरेदीला जायचंय.

प्रेषक: नाना
शेवटी अजिबात नको, भरल्या ग्लासात कोरडा क्यूब म्हणजे कारंजं. क्यूब चमच्यावर ठेवून अँगोस्टुराचे (मसालेदार कडू अर्क, म्हणजे बिटर्स) दोन शिंतोडे मारा, पार तपकिरी होऊ द्या. मग ग्लासात टाका, वर 10 मिली कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) घाला आणि मिनिटभर थांबा. छिद्रांतली हवा निघून गेली की उसळी कमी होते. ग्लास तिरका धरून तिसरा हिस्सा शॅम्पेन ओता, फेस बसला की उरलेलं. शॅम्पेन एकूण 90 मिली. ढवळायचं नाही. क्यूबच्या डब्यातला तळाचा चुरा झटकून टाका, सगळ्यात जास्त फेस त्यानेच येतो.

प्रेषक: वहिनी (नाट्यविभाग)
खडीसाखर चालेल का? गणपतीची उरली आहे.

प्रेषक: नाना
नाही. ती बिटर्स शोषत नाही आणि ग्लास संपला तरी विरघळत नाही.

प्रेषक: खजिनदार
750 मिलीच्या बाटलीत आठ ग्लास, म्हणजे आठ बाटल्या. बजेटात शॅम्पेन बसत नाही, प्रोसेको (इटलीची फेसाळ वाइन) आणतो. कोन्याक 70 सेंटिलिटरची एक पुरे. की कोन्याक वगळूनच टाकू? अमेरिकन बारटेंडर जेरी थॉमसच्या 1862 च्या पुस्तकात कोन्याक नाहीच.

प्रेषक: नाना
त्याच पुस्तकात हे कॉकटेल चांगलं हलवायला सांगितलंय, तेही करणार का? कोन्याक राहू द्या. प्रोसेकोऐवजी ब्रूट (कमी गोड) कावा घ्या, ही स्पेनची फेसाळ वाइन; तिचं दुसरं किण्वन, ज्याने बुडबुडे येतात, शॅम्पेनसारखंच बाटलीत होतं. लेबलवर 'एक्स्ट्रा ड्राय' दिसलं तर बाटली परत ठेवा, ती ब्रूटपेक्षा गोड असते, त्यात आपला क्यूब! बाटल्या बर्फ आणि पाणी मिसळून त्यात अर्धा तास. नुसत्या बर्फात लवकर गार होत नाहीत.

प्रेषक: वहिनी (नाट्यविभाग)
न पिणाऱ्यांना द्राक्षरसात तेच बिटर्स घालते, रंग छान येतो.

प्रेषक: खजिनदार
वहिनी, अँगोस्टुरात 44.7 टक्के अल्कोहोल असतं. त्यांच्यासाठी नुसती लिंबाची साल पिळा.

प्रेषक: कार्यकारिणी (खानपान)
बरं. ग्लास मागच्या वेळचे प्लॅस्टिकचेच ना?

प्रेषक: नाना
काचेचे. प्लॅस्टिकच्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसतात. नुसत्या गरम पाण्याने विसळा. साबणाचा अंश राहिला तर बुडबुड्यांची धार मरते.

प्रेषक: वहिनी (नाट्यविभाग)
काचेचे आमच्या कपाटात आहेत, नाट्यविभागाच्या. मोजून परत द्यायचे.